ओटा, ट्रॉली आणि कोटेशन

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी सोहळ्यात सभासदांपुढे केलेलं भाषण. बोलण्याच्या ओघातलं थोडं गाळून, थोडं नीटनेटकं करून इथे दिलं आहे.)



सचिवांनी मला सांगितलं होतं, "साहेब, तुम्ही बँकेतले, ठेवी-व्याजदर असं काहीतरी बोला." मी हो म्हटलं. पण गेल्या काही महिन्यांत जिन्यातून जाता-येता जे पाहतोय त्यामुळे विषय थोडा बदलून घेतला. कधी या मजल्यावर ओटा फुटतोय, कधी त्या मजल्यावर टाइल्स निघताहेत, खाली पार्किंगमध्ये कडप्प्याच्या फरशा उभ्या करून ठेवलेल्या. इमारतीला पंचवीस वर्षं झाली म्हणजे सगळ्यांच्या स्वयंपाकघरालाही पंचवीस वर्षं झाली. सगळी एकदमच म्हातारी झाली. तेव्हा आज मी स्वयंपाकघराबद्दल बोलणार आहे. ज्यांना वाटतं हा बायकांचा विषय आहे त्यांनी जरा थांबावं, कारण यात अडीच-तीन लाखांचा चेक कोण फाडतो हे मला ठाऊक आहे.

आपण इथे राहायला आलो तेव्हा बिल्डरने काय दिलं होतं ते आठवा. एक सरळ ओटा, वर ग्रॅनाइट, खाली कडप्प्याचे उभे-आडवे खण, एक स्टीलचं सिंक, आणि वर सिमेंटचा माळा. त्याच्या पुढचं ज्याचं त्याने केलं. कोणी खाली पडदा लावला, कोणी अ‍ॅल्युमिनियमची सरकती दारं, कोणी चौकातल्या फॅब्रिकेटरकडून स्टीलच्या ट्रॉल्या करून घेतल्या. 'किचन ट्रॉली' हा शब्द आपल्या महाराष्ट्रात इतका रुळला की आता मॉड्युलर किचनलाही लोक ट्रॉल्याच म्हणतात. "ट्रॉल्या केल्या का?" म्हणजे नवं किचन केलं का.

त्याच्या आधीचं माझ्या वयाच्या लोकांना आठवत असेल. माझं बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या खेड्यात गेलं. स्वयंपाकघरात चूल, भिंतीत देवळ्या, आढ्याला शिकं, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड आणि भिंतीला लावलेली मांडणी. मांडणीवर पितळेचे डबे, मग जर्मनचे, मग स्टीलचे. घरातलं लाकूडकाम करायचा तो गावचा वाढई. त्याच्याकडे कोटेशन नव्हतं, गॅरंटी कार्डही नव्हतं. बलुत्याचं धान्य ठरलेलं, आणि दार वाजायला लागलं की माणूस बोलवायचा. ती पद्धत चांगली होती असं म्हणायला मी इथे उभा नाही. वर्षभर राबून त्या माणसाच्या पदरात काय पडायचं ते मी पाहिलेलं आहे. पण एक होतं, काम बिघडलं तर कोणाच्या दारात जायचं हे माहीत होतं. आजचं माझं सगळं बोलणं खरं म्हणजे या एकाच गोष्टीवर आहे.

लाकूड यायचं परतवाड्याहून. मेळघाटचं सागवान. अमरावतीच्या जुन्या घरांची चौकट, दारं, आलमाऱ्या त्याच लाकडाच्या, आणि शंभर वर्षांची दारं अजून सरळ लागतात. आता सागवान परवडत नाही, आणि जंगलाचं बघितलं तर परवडूही नये. त्याची जागा प्लायवूडने, मग भुशाच्या आणि चुऱ्याच्या बोर्डाने घेतली. इथून पुढची गोष्ट दुकानांची आहे.

स्वयंपाकघर कारखान्यात तयार करून घरात आणून बसवायचं, ही कल्पना शंभर वर्षांची आहे. १९२६ साली जर्मनीत फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी मार्गारेटे श्युट-लिहोत्स्की नावाच्या आर्किटेक्ट बाईंनी एक स्वयंपाकघर आखलं. साधारण सहा फूट बाय अकरा फूट, म्हणजे आपल्या किचनएवढंच. पहिल्या महायुद्धानंतर घरांची टंचाई होती, स्वस्तात पुष्कळ घरं बांधायची होती. बाईंनी पावलं मोजली. चुलीपासून मोरीपर्यंत किती, मोरीपासून डब्यापर्यंत किती. तांदूळ, साखर यांना ओढून काढायचे ठरलेले डबे केले. पीठ ठेवायचा कप्पा ओक लाकडाचा, कारण त्यात अळी होत नाही. आपल्याकडे ज्वारीत कडुनिंबाचा पाला घालतात ना, तीच जात. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरं बसली. आज दुकानात जे 'मॉड्युलर' म्हणून दाखवतात त्याची आजी ती. लक्षात ठेवण्यासारखं एवढंच की त्या बाईंनी सुरुवात काम करणाऱ्या बाईच्या पावलांपासून केली, दाराच्या रंगापासून नाही.

आपल्याकडे हे उशिरा आलं. गोदरेजचं नाव कोणाला माहीत नाही? १८९७ साली कुलपांपासून सुरू झालेला कारखाना, १९२३ पासून लोखंडी कपाटं. मराठी घरात लग्नात मुलीला 'गोदरेजचं कपाट' दिलं म्हणजे मोठी गोष्ट. त्याच घराण्याच्या फर्निचरच्या दुकानांत आता किचन मिळतं. मुंबईतच १९९३ साली सुरू झालेली 'स्लीक' ही किचनची कंपनी. तिचा ५१ टक्के हिस्सा २०१३ साली एशियन पेंट्सने घेतला आणि उरलेला २०१७ साली. रंगवाल्यांना किचन कशाला, असं मला तेव्हा वाटलं होतं. पण विचार केला तर साधं आहे. भिंत रंगवायला जो माणूस घरात शिरतो तो बाथरूमचे नळ, किचन, पडदे सगळं विकू शकतो. घर एकदाच उघडतं, तेव्हा सगळा माल एकदम विकून घ्यायचा. स्वीडनची इकिया २०१८ मध्ये हैदराबादला आली आणि डिसेंबर २०२० मध्ये नवी मुंबईत तुर्भ्याला. आपल्यातली बरीच मंडळी मुलाकडे गेली की तिथे फिरून येतात, आणि परत आल्यावर इथला ओटा आवडेनासा होतो.

आता अमरावती-अकोल्यातही मोठ्या नावांच्या पाट्या लागल्या. २०२२ साली आपल्या अमरावती-अकोला रस्त्यावर एका दमात ७५ किलोमीटर डांबर टाकून विक्रम झाला होता, आठवतं ना? रस्ता झाला तसा मालही येऊ लागला. पण पाटी आणि दुकान यात फरक असतो. पाटी कंपनीची, दुकान बऱ्याचदा स्थानिक वितरकाचं किंवा फ्रँचायझीचं. तुम्ही पैसे कंपनीला देताय की वितरकाला, हे पाटीवर नसतं, पावतीवर असतं. बँकेत आम्ही सहीखाली शिक्का बघायचो. तुम्ही पावतीवर नाव आणि जीएसटी नंबर कोणाचा ते बघा. गॅरंटी कार्डावर एकाचं नाव आणि पावतीवर दुसऱ्याचं असेल, तर बिघाड झाल्यावर तुमची दोघांच्या मध्ये फुटबॉलसारखी गत होते.

या दुकानांचं चांगलं काय ते आधी सांगतो, नाहीतर म्हाताऱ्याला नवं काही पटत नाही असं व्हायचं. मशीनवर कापलेला बोर्ड मिलिमीटरला मिलिमीटर जुळतो. कडा मशीनने चिकटवलेल्या असतात. बिजागऱ्या आणि सरकपट्ट्या चांगल्या कंपनीच्या असल्या तर दहा-दहा वर्षं आवाज करत नाहीत. घरात महिनाभर करवत, रंधा आणि फेव्हिकॉलचा वास राहत नाही, सगळं आठवड्यात बसतं. चित्र आधी कॉम्प्युटरवर दिसतं. हे सगळं खरं आहे, आणि ज्याला जमतं त्याने जरूर घ्यावं.

आता बँकवाल्याच्या नजरेने बघू. तुम्ही दुकानात गेलात, चहा आला, कॉम्प्युटरवर चित्र आलं, आणि निम्मी रक्कम भरून बुकिंग केलं. मग माल कारखान्यातून निघण्यापूर्वी बहुतेक ठिकाणी उरलेली जवळजवळ सगळी रक्कम मागतात. म्हणजे घरात एक खिळाही ठोकला गेलेला नाही आणि दोन-अडीच लाख गेले. याला बँकेच्या भाषेत काय म्हणतात? विनातारण कर्ज. तुम्ही त्या दुकानाला बिनव्याजी, बिनतारणी कर्ज दिलं. मी पस्तीस वर्षं कर्जं मंजूर केली. पन्नास हजारांसाठी शेतकऱ्याचा सातबारा, आठ-अ, दोन जामीनदार मागायचो. आणि आपली शिकली-सवरलेली माणसं अडीच लाख देतात ते एका रंगीत चित्रावर.

शेताचा सौदा करताना आपण काय करतो? इसार देतो, पण इसारचिठ्ठी करतो. तारीख, रक्कम, साक्षीदार, खरेदी कधी, न झाल्यास काय. किचनच्या इसाराला चिठ्ठी का नको?

दुकान बुडत नाही, मोठं नाव आहे, असं कोणी म्हणेल. इंग्लंडमध्ये एमएफआय नावाची साखळी होती. १९६४ साली सुरू झाली, किचन आणि फर्निचर विकायची. एका काळात तिकडच्या घराघरात त्यांचं किचन. पुढे तोटा वाढला. २००६ साली मालक कंपनीने सगळी दुकानं किती रुपयांना विकली असतील? एका पौंडाला! आणि नोव्हेंबर २००८ मध्ये साखळी दिवाळखोरीत गेली, डिसेंबरात सगळी दुकानं बंद. ज्यांनी पैसे भरले होते आणि किचन आलं नव्हतं ते रांगेत मागे. त्यांच्याकडे एक कायदा आहे, क्रेडिट कार्डाने पैसे दिले असतील तर कार्ड कंपनीही जबाबदार धरता येते. रोख किंवा चेक दिलेल्यांना तसा आधार नव्हता. आपल्याकडचंच बघायचं तर देशभर बिग बाझार चालवणारी फ्यूचर रिटेल २०२२ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पाटी किती मोठी आहे यावरून ताळेबंद कळत नाही. फ्लॅट घेणाऱ्याला २०१८ पासून दिवाळखोरीच्या कायद्यात बँकेसारखं स्थान मिळालं. किचन घेणाऱ्याला तसं नाही. त्याचा नंबर पुष्कळ मागे लागतो.

त्याच एमएफआयच्या घरातून १९९५ साली हाउडन्स नावाचा एक धंदा निघाला होता. त्यांनी एकच गोष्ट वेगळी केली. ते घरमालकाला माल विकतच नाहीत, फक्त सुतारांना आणि छोट्या बिल्डरांना विकतात. सुताराचं खातं असतं, तो तयार खोकी उचलतो, ग्राहकाच्या घरी बसवतो आणि ग्राहकाशी हिशेब त्याचा त्याचा. मूळ साखळी बुडाली, हा धंदा अजून जोरात चालू आहे. यावर मी पुढे येतो.

आता कोटेशन. माझी मोठी बहीण अकोल्याला जठारपेठेत राहते. वय एेंशीच्या पुढे. भाचा-सून पुण्याला. त्यांनी आईला आराम म्हणून एका शोरूममधून किचन करून दिलं. नाव सांगत नाही, ते दुकान आता तिथे नाहीही. दिसायला देखणं, चकचकीत लाल दारं. पहिल्या पावसाळ्यात सिंकखालच्या नळीतून थेंब-थेंब गळती झाली. बाईला वाकून आत बघता येत नाही. दिवाळीला आम्ही गेलो तेव्हा सिंकखालचा बोर्ड फुगलेला, बिजागरीचे स्क्रू निघून दार लोंबत होतं. ताई म्हणाली, "बापा, लाकडाचं त फुगून भजं झालं!" दुकानात फोन केला. उत्तर आलं, पाण्याने झालेलं नुकसान गॅरंटीत बसत नाही. आणि तसं खरंच बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. सिंकखालच्या कपाटाला पाण्याची गॅरंटी नाही, म्हणजे छत्रीला पावसाची गॅरंटी नाही!

शेवटी जुना ओळखीचा मिस्त्री बोलावला. त्याने एक तुकडा मोडून हातावर चुरला आणि म्हणाला, "साहेब, हे लाकूड नाही, हा भुसा हाये." त्याने सिंकखालचं एक खोकं मरीन प्लायचं करून दिलं. बाकी किचन अजून ठीक आहे. पण ताईची पेन्शनीतून साठवलेली रक्कम त्यात गेली होती, आणि दिवाळीचे दोन दिवस ती त्या लोंबत्या दाराकडे बघून गप्प बसायची ते मला विसरता येत नाही.

तेव्हा दाराच्या रंगाला दहा मिनिटं द्या आणि आतल्या खोक्याला एक तास. कोटेशनमध्ये नुसतं 'प्लाय' किंवा 'वॉटरप्रूफ बोर्ड' लिहिलेलं चालत नाही. प्लायवूडवर आयएसआय मार्क आणि त्याखाली मानक क्रमांक असतो. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, त्याला ७२ तास उकळत्या पाण्याच्या परीक्षेत टिकावं लागतं. आयएस ३०३ मध्ये दोन प्रकार येतात, त्यातला एमआर म्हणजे फक्त दमट हवा सोसणारा, पाणी नव्हे. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा दाबून चिकटवलेला, एमडीएफ म्हणजे त्याहून बारीक तंतूंचा. हे वाईट आहेत असं नाही, वरच्या कोरड्या कपाटाला चालतात, स्वस्तही पडतात. पण सिंकखाली आणि जमिनीलगत नकोत. मार्कसोबत लायसन नंबर असतो. तो बीआयएस केअर नावाच्या सरकारी अ‍ॅपवर टाकून खरा-खोटा तपासता येतो. नातवाला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

आपल्या भागाचं आणखी एक दुखणं म्हणजे पाणी. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. नळाला धरणाचं पाणी आलं तरी भांडी घासायला घरोघर बोअरचं वापरतात. खाऱ्या पाण्याने ट्रॉलीच्या तारांवर वर्षभरात तांबडे ठिपके येतात. दुकानदार म्हणतो, "स्टेनलेस स्टील आहे, हे बघा चुंबक चिकटत नाही." या परीक्षेवर जाऊ नका. ३०४ नंबरचं चांगलं स्टील आणि २०२ नंबरचं स्वस्त स्टील, दोन्हींना चुंबक चिकटत नाही. ३०४ मध्ये निकेल जास्त असतं म्हणून ते गंजाला जास्त टिकतं. कोटेशनवर नंबर लिहून घ्या, चुंबक घरी ठेवा.

दराचं माप हा आणखी एक घोळ. एक दुकान दाराच्या दर्शनी चौरस फुटावर दर सांगतं, दुसरं ओट्याच्या धावत्या फुटावर, तिसरं खोक्यागणिक. तिन्ही आकडे शेजारी ठेवले तर काहीच कळत नाही. तिघांनाही एकच सांगा, "माझ्या ओट्याच्या मापाचं सगळं मिळून हातात पडेपर्यंत किती?" त्यात बिजागऱ्या, ट्रॉल्या, जुना ओटा फोडणं, मलबा उचलणं, प्लंबर, इलेक्ट्रिशियन, वाहतूक आणि जीएसटी आला पाहिजे. या मालावर बहुतेक १८ टक्के जीएसटी असतो. तीन लाखांवर तो ५४ हजार होतो. तो शेवटच्या पानावर दिसला की जेवण गोड लागत नाही. "बिल नको असेल तर कमी करतो" असं कोणी म्हटलं तर उठून या. मागूनही बिल न देणं ही कायद्याने अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि बिल नाही तर गॅरंटी कशावर दाखवणार?

हप्त्यांबद्दल बोललो नाही तर माझी नोकरी फुकट गेली म्हणायची. "दहा टक्के फ्लॅट" म्हणजे काय ते बघा. तीन लाख, तीन वर्षं, दहा टक्के फ्लॅट. व्याज ९० हजार, महिन्याला १०,८३३ रुपये हप्ता. तुम्ही दर महिन्याला मुद्दल फेडत जाता, पण व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण तीन लाखांवर मोजलेलं असतं. घटत्या बाकीवर हिशेब केला तर हा दर जवळजवळ १८ टक्के पडतो. आणि 'शून्य टक्के हप्ते' या प्रकाराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही अस्तित्वात नसतं. ते कुठेतरी किमतीत किंवा प्रोसेसिंग फीमध्ये लपलेलं असतं. ज्येष्ठांना माझं सांगणं, गरज पडलीच तर मुदत ठेव मोडू नका, ठेवीवर कर्ज घ्या. घरकर्ज चालू असलेल्या तरुणांनी आधी आपल्या बँकेत टॉप-अपची चौकशी करावी, मग दुकानातल्या फायनान्सच्या टेबलाजवळ बसावं.

तरीही फसगत झालीच, तर? २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्यातली एक गोष्ट पुष्कळांना माहीत नाही. कंपनी मुंबईची असली तरी तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात, म्हणजे अमरावतीतच करता येते. पाच लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, ऑनलाइन दाखल होते. मुदत दोन वर्षांची. त्याआधी १९१५ या हेल्पलाइनवर फोन करून बघा, बऱ्याच कंपन्या तेवढ्यानेच हलतात. पण सगळीकडे पहिला प्रश्न कागदाचाच येतो.

जरा घरच्या गोष्टी. ओट्याची उंची. शोरूममध्ये सगळं साधारण ३४ इंचाच्या आसपास ठरलेलं. आमच्या घरी ज्वारीची भाकर रोज होते. भाकर थापताना दोन्ही तळव्यांवर जोर येतो, खांदे वर उचलून थापता येत नाही. कोपरापेक्षा चार-सहा इंच खाली हात टेकला तर काम सोपं जातं. म्हणून माप घ्यायला माणूस येईल तेव्हा घरात जी भाकर थापते तिला समोर उभी करा, परात ठेवा आणि मग इंच ठरवा. मी असं पाहिलं आहे की नवरा आणि डिझायनर सोफ्यावर बसून सगळं ठरवतात, आणि बाई चहा आणून देते. तिला शेवटी विचारतात, "रंग कोणता पाहिजे?" वरच्या कपाटांची उंचीही तशीच. साठीच्या पुढे स्टुलावर चढायचं नाही हे गृहीत धरा. रोजचं सगळं कमरेच्या उंचीला, ट्रॉलीत. वरच्या कपाटात पुरणयंत्र आणि वर्षातून एकदा लागणारी पातेली. आणि आपल्या फोडणीचं काय सांगायचं! वऱ्हाडातला रस्सा म्हणजे वर बोटभर तेलाची तर्री. बाहेर पाइप न काढलेली, आतल्या आत हवा फिरवणारी चिमणी आपल्या स्वयंपाकाला पुरत नाही. वास थोडा कमी होतो, तेल आणि उष्णता घरातच राहते.

पण पाइप बाहेर काढायचा म्हणजे भोक पाडायचं, आणि तिथून हा विषय तुमच्या एकट्याचा राहत नाही. बीम किंवा कॉलममधून कोणीही भोक पाडू नये. आपली इमारत काळ्या मातीवर उभी आहे, ती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, भिंतींना चिरा का पडतात ते आपण दर मे महिन्यात बघतो. भिंत काढून 'ओपन किचन' करायचं कोणाच्या मनात असेल तर आधी इंजिनिअरचं लेखी मत आणि कार्यकारिणीची लेखी परवानगी. उपविधीत तसं स्पष्ट आहे. पाइपचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीकडे नको, एवढं तर उपविधी न वाचताही कळतं.

गॅस मात्र हसण्यावारी नेऊ नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो. नव्या किचनमध्ये सिलिंडर दिसू नये म्हणून तो बंद कपाटात ठेवतात, ते दार छान बंद होतं, आणि आत गॅस साचत राहतो. कपाटाला तळाशी जाळी किंवा भोकं पाहिजेतच. सिलिंडर उभा, शेगडी त्याच्या वरच्या पातळीला, नळी सुरक्षा होज आणि तीही पाच वर्षांनी बदललेली. तुमच्या किचनचं दार कितीही सुंदर असो, त्याच्या वरखाली आम्ही पण राहतो.

आता ज्याच्यावर पुढे येतो म्हटलं होतं ते. अमरावतीत जे सुतार पूर्वी स्वतः काम घ्यायचे, त्यातले कितीतरी आज शोरूमचे फिटर झालेत. खोकी कारखान्यातून येतात, हे फक्त बसवतात, मजुरी नगावर. बँकेत असताना १९८० नंतरच्या एकात्मिक ग्रामीण विकास योजनेत मी सुतारांना अवजारांसाठी कर्जं दिली. काही बुडाली, पण ज्यांची फिटली त्यांची मुलं आज याच धंद्यात आहेत, आणि त्यांचं काम मी शोरूमच्या कामापेक्षा कमी मानत नाही. त्यांचं अडतं कुठे? कोटेशन लिहून देत नाहीत, तारीख पाळत नाहीत, बिल देत नाहीत. शोरूम नेमकं तेवढंच विकतं, बाकी बोर्ड आणि बिजागऱ्या आता बाजारात सगळ्यांना मिळतात. हाउडन्सवाल्यांनी तिकडे हेच ओळखलं. आपल्याकडे सप्टेंबर २०२३ पासून पीएम विश्वकर्मा योजना आहे, अठरा कारागिरीत सुतारकाम येतं. पाच टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाख, अवजारांसाठी पंधरा हजार. आपल्या इमारतीत काम करणाऱ्या एखाद्या मिस्त्रीला हे सांगा. त्याला छापील कोटेशन बुक करून घ्यायला सांगा. ज्याला लिहिता येत नसेल त्याचं कोटेशन मी लिहून देईन.

सूचना म्हणून एवढं की पैसे टप्प्याने द्या. काम सुरू होताना काही, माल घरात आल्यावर काही, आणि किमान दहा टक्के शेवटचा स्क्रू लागून आठ दिवस वापरून झाल्यावर. शोरूम ऐकत नसेल तर पूर्ण होण्याची तारीख आणि उशीर झाला तर काय, हे सही-शिक्क्याने लिहून घ्या. तेही देत नसतील, तर समजा की तुमचा कर्जदार जामीन द्यायला तयार नाही. मी असतो तर फाइल परत केली असती.

भाषण संपल्यावर एका वहिनींनी विचारलं, तेही इथे देतो कारण तो प्रश्न पुष्कळांचा आहे. "आमचा कडप्पा शाबूत आहे, पण शोरूमवाला म्हणतो तो काढल्याशिवाय मॉड्युलर होत नाही. काय करू?"

वहिनी, कडप्पा काढू नका. त्याला वाळवी लागत नाही, पाण्याने फुगत नाही, आणि पंचवीस वर्षं त्याने ग्रॅनाइटचं वजन पेललं आहे. त्याच्या खणांचं माप घेऊन आत ३०४ च्या ट्रॉल्या बसवा आणि बाहेरून मरीन प्लायची दारं लावा. आतली खोकी करायची नाहीत, त्यामुळे खर्च पुष्कळ कमी होतो. खण थोडे वाकडे-तिकडे असतील तर पट्ट्या लावून सरळ करता येतात, त्याला जरा हाताचा मिस्त्री लागतो. माझ्या माहितीत दोघं आहेत. त्यांचे नंबर सोसायटीच्या ऑफिसातल्या वहीत लिहून ठेवले आहेत. आणि ज्यांच्याकडे कोटेशन आलेलं आहे त्यांनी ते घेऊन संध्याकाळी पाच ते सात ऑफिसात यावं, मी तिथेच पेपर वाचत असतो. चित्र आणू नका, शेवटचं पान आणा.